रिझाइन की रिटायर? नोकरी सोडण्याचा इंग्रजी अर्ज लिहिण्याआधी

हायस्कुलात इंग्रजी शिकवून मी घरी बसलो, तेव्हापासून दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी लोक माझ्या ओसरीवर अर्ज घेऊन येतात. पीकविम्याच्या अर्जात शब्द चुकला तर दुरुस्ती करून पुन्हा देता येतो. नोकरी सोडण्याच्या अर्जाची मात्र मला धास्ती वाटते. त्यात एक क्रियापद चुकलं तर वीस-बावीस वर्षांची नोकरी हिशेबातून जाऊ शकते.

चूक होते ती मराठीमुळे. आपल्याकडे "नोकरी सोडली" म्हटलं की झालं. पोरानं चाकणची कंपनी सोडली, बापानं अठ्ठावन्नाव्या वर्षी कचेरी सोडली, दोन्हीकडे शब्द तोच. मोबाइलवर "मला नोकरी सोडायची आहे" असं टाकलं की तो कुठलंतरी एक इंग्रजी क्रियापद देतो, आणि माणूस तेच कागदावर उतरवतो. मोबाइलला तुमची जन्मतारीख माहीत नसते, सेवा किती झाली तेही माहीत नसतं. ते आधी तुम्हाला माहीत पाहिजे.

खालचे टप्पे याच क्रमानं घ्या. इंग्रजी वाक्य चौथ्या टप्प्यात येतं, ते मुद्दाम. बहुतेकांची चूक तिथून सुरुवात करण्यातच होते.

लिहायला बसण्याआधी

तीन कागद समोर ठेवा: नेमणुकीचा आदेश, जन्मतारखेचा दाखला, आणि सरकारी किंवा जिल्हा परिषदेची नोकरी असेल तर सेवापुस्तकाची प्रत. खासगी कंपनी असेल तर सेवापुस्तकाच्या जागी ऑफर लेटर, म्हणजे नोटिशीचे दिवस किती ते त्यात सापडेल.

मग कोऱ्या कागदावर मराठीत तीन ओळी लिहा. आज माझं वय किती, नोकरीला किती वर्षं झाली, आणि इथून सुटल्यावर मी काय करणार. तिसरी ओळ लोक टाळतात. पण रिझाइन की रिटायर हे पुष्कळदा त्याच ओळीवर ठरतं.

टप्पा 1: मराठी क्रियापद पकडा

"सोडणे" हा शब्द घटकाभर बाजूला ठेवा आणि त्याच गोष्टीचं दुसऱ्या शब्दांत वाक्य करा. मराठीनं हा फरक जपून ठेवला आहे, फक्त तो शेवटच्या क्रियापदात आहे.

राजीनामा *देतात*. निवृत्त *होतात*. स्वेच्छानिवृत्ती *घेतात*.

राजीनामा देणारा आपल्या हातातलं पद परत करतो. ही कृती त्याची, तो ती कोणत्याही वयात करू शकतो. हे रिझाइन. निवृत्त होणाऱ्याला काही करावं लागत नाही, वय झालं की तारीख येते आणि तो निवृत्त होतो. हे रिटायर. स्वेच्छानिवृत्तीही रिटायरच. फरक एवढाच की वयाची तारीख येण्याआधी, सेवेची ठरलेली वर्षं भरल्यावर, माणूस ती स्वतः मागून घेतो.

तपासा: तुमच्या वाक्याच्या शेवटी "देणे" आलं, "होणे" आलं की "घेणे"? "देणे" असेल तर रिझाइन. बाकी दोन्हींपैकी कुठलंही असेल तर रिटायर.

टप्पा 2: सालदाराची कसोटी लावा

अजून गोंधळ असेल तर वावरात या. गुढीपाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या शेतगड्याचं, साल ठरतं. दिवाळीच्या तोंडावर, कापूस वेचणीच्या ऐन धामधुमीत तो म्हणाला, "पाटील, मी आता येत नाही, दुसरं काम भेटलं," तर त्यानं रिझाइन केलं. म्हातारपणी गुडघे गेले, यापुढे कोणाकडेच साल धरायचं नाही असं त्यानं ठरवलं, तर तो रिटायर झाला. आणि पाडव्याला साल पुरं करून दुसऱ्या मालकाकडे गेला, तर हे दोन्ही शब्द लागत नाहीत. त्याचा करार संपला, एवढंच.

म्हणजे रिझाइन करणारा ती जागा सोडतो, काम करणं सोडेलच असं नाही. रिटायर होणारा ते काम, तो पेशाच थांबवतो.

मोठ्या माणसांची उदाहरणं घेतली तरी हेच दिसतं. सी. डी. देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं आणि त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पद सोडलं, काम चालू राहिलं. इंग्रजीत त्याला रिझाइन म्हणतात. सचिन तेंडुलकर नोव्हेंबर 2013 मध्ये चाळिसाव्या वर्षी थांबला, त्याला सगळ्या इंग्रजी पेपरांनी रिटायर म्हटलं. चाळीस हे काही म्हातारपण नव्हे, पण क्रिकेट खेळणं हा जो पेशा होता तो तिथं संपला. म्हणून "वय झालं की रिटायर" एवढंच पाठ करून ठेवू नका. आणि आपल्या चांदा भागाचे मा. सा. कन्नमवार मुख्यमंत्रिपदावर असतानाच 24 नोव्हेंबर 1963 रोजी वारले. त्यांना ना रिझाइन लागतं, ना रिटायर.

सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी एक ओळ. निवडून आलेलं पद मुदतीआधी सोडायचं तर शब्द रिझाइनच. सदस्यानं तो कागद सरपंचाला द्यायचा, सरपंचानं पंचायत समितीच्या सभापतीला. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर टर्म संपली. तिथं "मी सरपंचपदावरून रिटायर झालो" असं बायोडेटात लिहू नका.

टप्पा 3: सरकारी नोकरी असेल तर इथे थांबा

खासगी नोकरीवाल्यांनी हा टप्पा चाळून पुढे गेलं तरी चालेल. जिल्हा परिषद, शासकीय कार्यालयं, अनुदानित शाळा, इथल्या लोकांनी मात्र दोनदा वाचावा.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी एक आरोग्य सेविका बाई माझ्याकडे आल्या. जिल्हा परिषदेत तेवीस वर्षं झालेली, 2005 च्या आधीची नेमणूक. गुडघ्यांनी उपकेंद्राच्या फेऱ्या होत नव्हत्या. अर्ज भाच्यानं यवतमाळला कॉम्प्युटरवर टाइप करून आणला होता. पासबुकासोबत पन्नीत चार घड्या करून ठेवलेला तो कागद त्यांनी माझ्यापुढे उलगडला. "स्पेलिंग तेवढं पाहा सर," म्हणाल्या. स्पेलिंग सगळं बरोबर होतं. वाक्य होतं, "आय हिअरबाय व्हॉलंटरिली रिझाइन फ्रॉम माय सर्व्हिस."

मी विचारलं, "बाई, तुम्हाला पेन्शन पाहिजे ना?"

"पाह्यजे न सर. त्याच्यासाठीच तं घेऊन राह्यली."

"मग हा कागद देऊ नका. यात राजीनामा लिहिलाय."

"दोन्हीचा मतलब सोडणंच होते न? मंग एवढं काहून?"

हा "काहून" मला अजून विसरता येत नाही, कारण प्रश्न रास्त होता. भाच्यानं "स्वेच्छा"चं व्हॉलंटरिली केलं होतं आणि "निवृत्ती"च्या जागी हाताशी आलेलं रिझाइन बसवलं होतं. वाचायला छान वाटतं, म्हणून कोणाला शंका येत नाही.

उत्तर असं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या नियम 46 प्रमाणे सेवेचा किंवा पदाचा राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते, म्हणजे पेन्शनसाठी ती धरली जात नाही. रीतसर परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा याला अपवाद आहे. नियम 66 वेगळा. अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या, सेवेची 20 वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला नेमणूक अधिकाऱ्याकडे तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते, आणि ती मंजूर झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क टिकतो. टेबल तेच, माणूस तोच, गुडघेही तेच. शब्दानुसार नियम बदलतो.

"माझा हेतू निवृत्तीचा होता" हे नंतर सांगून भागेल असं समजू नका. दिल्लीतल्या एका वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यानं 1990 मध्ये राजीनामा दिला होता. वीस वर्षं भरली असल्यानं तो स्वेच्छानिवृत्तीच धरावा, असं त्याचं म्हणणं. डिसेंबर 2019 मध्ये न्यायालयानं सांगितलं की राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राजीनाम्यानं आधीची सेवा जाते. तो निकाल केंद्राच्या पेन्शन नियमांवरचा होता, पण आपल्याकडचा नियम 46 त्याच धर्तीचा आहे.

बाईंचा कागद मी फाडला नाही, त्यांच्याच हातानं फाडायला लावला. मग मराठीत नवा लिहिला.

इशारा: "व्हॉलंटरी रेझिग्नेशन" आणि "व्हॉलंटरी रिटायरमेंट" हे एकच आहे असं कोणी सांगितलं, तर ऐकू नका. पुढे व्हॉलंटरी लावल्यानं राजीनाम्याची निवृत्ती होत नाही.

इशारा: 20 वर्षं ही अर्हताकारी सेवेची, कॅलेंडरची नव्हे. काही बिनपगारी रजा त्यातून वजा होतात. आस्थापना शाखेकडून हिशेब लेखी घ्या, मगच तारीख टाका.

1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांची पेन्शनची व्यवस्था वेगळी आहे. त्यांनी आपला हिशेब आधी कार्यालयात समजून घ्यावा. शब्द निवडताना त्यांनीही एवढीच काळजी घ्यायची.

आणि जे कोणी सांगत नाही ते सांगतो: शासकीय कार्यालयाला अर्ज मराठीत चालतो. राज्याची राजभाषा मराठी आहे. "स्वेच्छानिवृत्ती मिळण्याबाबत" असा विषय लिहिलात तर ही सगळी भानगडच उरत नाही. इंग्रजीनं साहेबावर छाप पडते, या समजुतीपायी धोका घेऊ नका.

टप्पा 4: आता इंग्रजी वाक्य बांधा

खासगी कंपनी, बँक, बाहेरच्या राज्यातलं कार्यालय, इथं इंग्रजी लागतंच. वाक्य छोटं ठेवा. इथं मी उच्चार देवनागरीत देतो, कागदावर इंग्रजी लिपीत उतरवा.

राजीनाम्यासाठी: "आय रिझाइन फ्रॉम द पोस्ट ऑफ मशीन ऑपरेटर विथ इफेक्ट फ्रॉम 1 मार्च." साधा वर्तमानकाळ. लिहिलं की कृती झाली.

स्वेच्छानिवृत्तीसाठी: "आय रिक्वेस्ट परमिशन टू रिटायर व्हॉलंटरिली फ्रॉम सर्व्हिस." इथं विनंती आहे, कारण मंजुरी वरून यायची आहे.

वयानं निवृत्त होत असाल तर अर्जात "मला रिटायर व्हायचं आहे" असं लिहिण्याची गरजच नाही. राज्य शासनात सर्वसाधारणपणे 58 वर्षं, चतुर्थ श्रेणीला 60, आणि हे वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मध्यान्होत्तर माणूस आपोआप सेवानिवृत्त होतो. जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आपल्या खेड्यांत गुरुजींनी कितीतरी जणांचा जन्म 1 जुलै लावून दिला आहे. अशा सगळ्यांची तारीख 30 जून येते. ती चुकवून "31 जुलैला रिटायर होणार" असं लिहिलेले कागद मी पाहिले आहेत. या लोकांनी अर्ज करायचा तो पेन्शनच्या कागदपत्रांचा.

क्रियापदापुढच्या छोट्या शब्दांत लोक अडखळतात. पद किंवा सेवा "पासून" सुटायचं तर दोन्ही क्रियापदांना "फ्रॉम". "मुख्याध्यापक म्हणून" असं सांगायचं तर दोन्हींना "ॲज". "रिझाइन टू माय पोस्ट" चूक आहे. "टू" फक्त ज्याला कागद देता त्याच्या आधी.

"आय वॉन्ट टू रिझाइन" ही इच्छा झाली, राजीनामा झाला नाही. त्यावर कंपनी नोटिशीचे दिवस मोजायला सुरुवात करेल की नाही, यावरून पुढे भांडण होतं. ठरलं असेल तर सरळ लिहा. ठरलं नसेल तर लिहूच नका. पगार वाढवून घेण्यासाठी राजीनाम्याची भीती घालणारी पोरं मी पाहिली आहेत. कंपनीनं तो कागद मंजूर केला आणि मुलगा पंधरा दिवसांत गावात परत आला, असंही पाहिलं आहे.

तपासा: वाक्यात पदाचं नाव, कार्यालयाचं नाव आणि शेवटच्या दिवसाची तारीख, तिन्ही आहेत का?

टप्पा 5: बोलण्यातलं रिझाइन कागदावर आणू नका

आपण बोलताना म्हणतो, "त्यानं रिझाइन दिला." मराठीत आपण त्याचं नाम करून टाकलं आहे आणि बोलायला ते ठीक आहे. इंग्रजीत रिझाइन हे क्रियापद. नाम आहे रेझिग्नेशन. म्हणून "आय गिव्ह माय रिझाइन" होत नाही. रिझाइनमध्ये जी मुका आहे, रेझिग्नेशनमध्ये तो बोलायला लागतो. लिहिताना दोन्हींत असतोच, आणि नेमका रिझाइनमधला जी गळतो.

याहून वाईट चूक म्हणजे "आय ॲम रिझाइन्ड". "आय ॲम रिटायर्ड" बरोबर आहे, मी निवृत्त आहे. त्याच साच्यात लोक रिझाइन घालतात. पण "आय ॲम रिझाइन्ड" म्हणजे "आता जे होईल ते होईल, मी मनानं स्वीकारलं" असा काहीतरी अर्थ निघतो. नोकरी सोडली असं सांगायचं तर "आय रिझाइन्ड" किंवा "आय हॅव रिझाइन्ड".

उलट बाजूनंही बघा. "ही वॉज रिटायर्ड" असं कोणाबद्दल लिहिलं, तर त्याला वरून निवृत्त केलं, सक्तीनं घरी बसवलं, असाही अर्थ निघू शकतो. वडिलांबद्दल लिहायचं असेल तर "ही रिटायर्ड इन 2015" असं साधं लिहा.

आणखी एक बारीक गोष्ट. ईमेलमध्ये कंपनीनं "री-साइन" लिहिलं, मधे आडवी रेघ असली, तर त्याचा अर्थ पुन्हा सही करा. ती रेघ न पाहता घाबरून फोन केलेला एक मुलगा मला माहीत आहे. त्याच्याकडून फक्त फॉर्मवर दुसरी सही हवी होती.

इशारा: रजेसाठी "आय वॉन्ट टू लीव्ह फ्रॉम मंडे" लिहू नका. त्याचा अर्थ सोमवारपासून मी चाललो. रजा मागायची तर "आय वॉन्ट लीव्ह". एका "टू"चा फरक आहे.

टप्पा 6: फॉर्ममधला रकाना

नव्या नोकरीच्या फॉर्मवर "रीझन फॉर लीव्हिंग" असा रकाना असतो. आधीची नोकरी स्वतः सोडली असेल तर रिझाइन्ड. करार संपला असेल तर तसंच लिहा. पंचविशीतल्या पोरांनी तिथं रिटायर्ड लिहिलेलं मी पाहिलं आहे. वाचणाऱ्याला शंका येते की याला कुठून सक्तीनं काढलं का, किंवा माहितीच खोटी आहे का.

पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. तिथं कारणांच्या यादीत रिटायरमेंटसारखे शब्दही दिसतात. नोकरी बदलली असेल तर ते निवडू नका. घाईत अंगठा चुकीच्या ओळीवर पडतो, म्हणून हे काम मोबाइलऐवजी मोठ्या स्क्रीनवर करा.

टप्पा 7: देण्याआधी आणि दिल्यावर

अर्ज मोठ्यानं वाचा, आणि दुसऱ्या कोणाला तरी त्याचं मराठी करून सांगायला लावा. तो "राजीनामा" म्हणाला आणि तुमच्या मनात "निवृत्ती" असेल, तर कागद परत घ्या. ज्यानं अर्ज लिहून दिला त्यालाच वाचायला सांगू नका. त्याला त्याचीच चूक दिसत नाही.

पहिल्या टप्प्याआधी लिहिलेल्या त्या तीन मराठी ओळी काढा आणि अर्जाशेजारी ठेवून जुळवा. वय, सेवा, पुढचा बेत. त्यातली एक ओळ जरी जुळत नसेल तर आज अर्ज देऊ नका.

दोन प्रती न्या. एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ईमेलनं पाठवला असेल तर पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत काढून ठेवा. चुकीचा शब्द गेला असं दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तर फोनवर सांगत बसू नका. मंजुरीचा आदेश निघायच्या आधी त्याच अधिकाऱ्याच्या नावे लेखी द्या, "दिनांक अमुकचा अर्ज मागे घेत आहे", आणि त्याचीही पोच घ्या. आदेश निघाल्यावर अर्ज परत मिळणं फार अवघड होऊन बसतं.

त्या आरोग्य सेविका बाईंनी नव्या अर्जाची पोच मला आणून दाखवली होती. निळा शिक्का थोडा पुसट उमटला होता, म्हणून मी त्यांना तशाच परत पाठवून आवक क्रमांक पेनानं स्वच्छ लिहून आणायला लावला.